सुखाचा शोध आणि निवडीचे स्वातंत्र्य



आमच्या वस्तीत दर रविवारी सायंकाळी वंदना झाल्यावर तासभर धम्माभ्यास होतो. नव्याने दीक्षा घेतलेली सात-आठ कुटुंबे त्याला नियमाने येतात. एका रविवारी मी शील या विषयावर बोलत होतो. मागे बसलेल्या एका भगिनीने मध्येच विचारले, "गुरुजी, पूर्वी देवऋषी सांगायचा, हे कर, ते करू नको. आता पंचशील सांगते, बावीस प्रतिज्ञा सांगतात. तुम्ही म्हणता आपण मोकळे झालो. मग मोकळे झालो ते कशातून?"

काही जण हसले. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न खरा होता आणि तो विचारायला धैर्य लागते. मी त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले, पण घरी जाताना ते माझे मलाच अपुरे वाटले. शिक्षकाचे उत्तर अपुरे पडले तर त्याने पुन्हा अभ्यास करून वर्गात यावे, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. त्या नियमाने हा पाठ लिहीत आहे.

१. स्वातंत्र्याविषयी दोन चुकीच्या समजुती

पहिली समजूत अशी की, मनाला येईल तसे वागणे म्हणजे स्वातंत्र्य. आमच्याच वस्तीतला एक तरुण म्हणतो, "माझ्या कमाईची पितो, कोणाच्या बापाची भीती आहे?" मी त्याला एवढेच विचारले, "बाबा रे, एक संध्याकाळ न पिता काढशील का?" तो गप्प राहिला. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो मालक कसला? पूर्वी गावकीची चाकरी होती, आता तृष्णेची चाकरी आहे. मालक बदलला, चाकर तोच राहिला.

दुसरी समजूत अशी की, स्वातंत्र्य एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले. दीक्षा घेतली, भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी लावल्या, मुलाच्या दाखल्यावर बौद्ध लिहून घेतले, आता काय राहिले? परंतु सातबारावर नाव लागले म्हणजे पीक आले असे होत नाही. जमीन रोज कसावी लागते.

मग स्वातंत्र्य म्हणजे काय? स्वतः समजून घेणे, परिणाम ओळखणे, मग निवडणे, आणि त्या निवडीचे जे काही बरेवाईट होईल ते स्वतःच्या खांद्यावर घेणे, याला मी स्वातंत्र्य म्हणतो. यातील एक पायरी जरी गाळली तरी उरते ती एक तर मनमानी, नाही तर ताबेदारी.

२. बाबासाहेबांनी निवड कशी केली?

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही, हा त्या घोषणेचा आशय होता. जन्म निवडता येत नाही, धर्म निवडता येतो, हा भेद त्यांनी तेथे हजारो लोकांपुढे ठेवला.

परंतु प्रत्यक्ष दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे. मध्ये २१ वर्षे गेली. ही वर्षे त्यांनी नुसती वाट पाहण्यात घालविली नाहीत. १९३६ साली मुंबईच्या परिषदेत त्यांनी सविस्तर भाषण करून धर्मांतर का करावे याची कारणे लोकांपुढे मांडली आणि शेवटी, स्वतःच्या बुद्धीला शरण जा, असे सांगितले. निरनिराळे धर्म तपासून पाहिले. प्रा. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्मावरील ग्रंथ १९४८ साली स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा छापविला. १९५० साली ते श्रीलंकेत गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात गेले, आणि बौद्ध लोक आपला धर्म कसा पाळतात हे डोळ्यांनी पाहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आणि या सर्वांची पहिली ठिणगी कोठे पडली? मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर झालेल्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले, तेथे. गुरुजींनी पुस्तक दिले, आज्ञा दिली नाही. एक शिक्षक म्हणून मी हे विसरू शकत नाही.

नागपूरला पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेब आणि माईसाहेब यांनी दीक्षा घेतली. त्यानंतर बाबासाहेबांनी जनसमुदायाला सांगितले की, ज्यांना धम्म स्वीकारावयाचा असेल त्यांनी उभे राहावे. लोक उभे राहिले, तेव्हा त्यांनी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. आधी निवड, मग प्रतिज्ञा, हा क्रम ध्यानात ठेवावा.

३. सिद्धार्थाची निवड

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची हकिकत दिली आहे, तीही निवडीचीच हकिकत आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, परंतु बहुमत युद्धाच्या बाजूने पडले. मग सेनापतीने त्याच्यापुढे मार्ग ठेवले: सैन्यात सामील हो, किंवा देहान्त अथवा देशत्याग पत्कर, किंवा तुझ्या कुटुंबावरील सामाजिक बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती मान्य कर.

सिद्धार्थाने युद्धात जाणे नाकारले. कुटुंबाला शिक्षा होऊ देणेही नाकारले. सारे दुःख स्वतःकडे घेऊन त्याने परिव्राजक होण्याची वाट निवडली. तो रात्री चोरपावलांनी निघून गेला नाही. आईवडिलांशी बोलला, यशोधरेशी बोलला. यशोधरेने रडून अडविले नाही, तिने संमती दिली.

बहिष्कार हा शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणून या कथेतील निवडीचे मोल आपल्याला लवकर कळते.

४. केसपुत्तच्या कालामांना दिलेला उपदेश

कोसल देशात केसपुत्त नावाचे गाव होते. तेथे कालाम लोक राहत. त्यांची अडचण आजच्या माणसासारखीच होती. निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, आपले मत खरे म्हणत, दुसऱ्याचे खोटे म्हणत. विश्वास ठेवावा तरी कोणावर? त्यांनी भगवंतांना विचारले. अंगुत्तर निकायात हा प्रसंग आला आहे.

भगवंतांनी प्रथम सांगितले की, तुम्हाला शंका येते हे योग्यच आहे. पुढे त्यांनी दहा गोष्टी मोजून दाखविल्या. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे, तर्काला जुळते, बोलणारा मोठा दिसतो, हा आमचा गुरू आहे, अशा कारणांवरून एखादी गोष्ट स्वीकारू नका. 'हा आमचा गुरू आहे' हे कारणसुद्धा त्यांनी वगळले नाही. आपल्या स्वतःच्या शब्दांनाही त्यांनी परीक्षेतून सूट दिली नाही.

येथे काही जण थांबतात आणि म्हणतात, झाले, म्हणजे ज्याने त्याने आपल्या मनाचे करावे. तसे नाही. उपदेश पुढे आहे. लोभ, द्वेष आणि मोह मनात आले म्हणजे माणसाचे हित होते की अहित, असे भगवंत विचारतात. अहित होते, असे कालाम स्वतःच्या अनुभवावरून सांगतात. मग जे अकुशल आहे, जाणते लोक ज्याची निंदा करतात, ज्यातून दुःख निपजते, असे तुम्ही स्वतः ओळखाल ते सोडा. जे कुशल आहे असे ओळखाल ते घ्या. अनुभव हवा, परिणामांचा विचार हवा आणि जाणत्यांचे मतही विचारात घ्यायला हवे. एवढी कसोटी लावल्यावर जी निवड होते ती मनमानी राहत नाही.

उपदेशाच्या शेवटी भगवंतांनी अशा शुद्ध मनाच्या माणसाला चार दिलासे सांगितले आहेत. त्यांतला एक असा: परलोक नसला, कर्माचे फळ पुढे मिळणार नसले, तरी वैर आणि द्वेष यांपासून मोकळा असलेला मनुष्य येथेच, याच जन्मी सुखाने राहतो. सुखासाठी मरणाची वाट पाहावी लागत नाही, हे कालामांना सांगितले गेले.

५. आबांची हलगी

आता घरची गोष्ट सांगतो. आमचे घर मातंग समाजातले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उत्तम हलगी वाजवीत. गावच्या जत्रेत पालखीपुढे हलगी आमच्याच घरची असे. गाव त्याला मान म्हणत असे. मात्र तापाने फणफणले असतानाही आबांना जावे लागे, आणि पालखी देवळात गेली की त्यांना पायरीखाली थांबावे लागे. नाकारता येत नाही तो मान नव्हे, हे मला पुढे कळले.

२००६ साली, नागपूरच्या धम्मदीक्षेला ५० वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, आम्ही तालुक्याच्या गावी दीक्षा घेतली. त्याआधी आबांना एक भीती होती. धर्म बदलला तर पोराची शिष्यवृत्ती जाईल. मी त्यांना सांगितले की, अनुसूचित जातींच्या यादीसंबंधीच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली असून बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही त्या सवलती मिळतात. नव्या कुटुंबांनी हे जाणून घ्यावे. अज्ञानातून आलेली भीती निवडीच्या आड येते.

पुढच्या जत्रेत आबांनी हलगी वाजविण्यास नकार दिला. त्या हंगामात आम्हाला कोणी खुरपणीला बोलाविले नाही. दुकानातली उधारी बंद झाली. आबांनी ते सोसले. "पोट भरलं नाही, पण झोप लागली," असे ते त्या दिवसांविषयी सांगतात.

दोन-तीन वर्षांनी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आबांनी खुंटीवरची हलगी काढली, जाळावर तापविली आणि वाजविली. आपल्यातलेच काही जण नाराज झाले. जे वाद्य गुलामीची खूण होते ते पुन्हा हातात का घेतले, असे म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. परंतु भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले ते शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. कातड्याच्या वाद्यात पाप नाही. पाप सक्तीत होते. हात तेच, हलगी तीच, ताल तोच, पण या वेळी बोलावणे आतून आले होते. एखादा म्हणेल मला ती पुन्हा हातात धरावयाची नाही, तर तीही त्याची निवड आहे, आणि तिचाही मान राखला पाहिजे.

६. आईचा देव्हारा आणि माझी चूक

आबांची गोष्ट सांगताना मला अभिमान वाटतो. आता जी सांगणार आहे तिची लाज वाटते, तरी सांगणे भाग आहे.

२००८ साली मी कॉलेजात होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर दीक्षा घेऊन दोन वर्षे झाली तरी देव्हारा जागच्या जागी. आई रोज सकाळी टाकांपुढे दिवा लावी. मी बावीस प्रतिज्ञा तिला मोठ्याने वाचून दाखविल्या. "उभी राहून घेतल्यास ना या?" असे वकिलासारखे विचारले. मग टाक आणि परडी फडक्यात बांधून नदीच्या डोहात टाकून आलो. आई काही बोलली नाही. मला वाटले, घर शुद्ध झाले.

बी.एड. होऊन परत आलो तेव्हा कणगीतली ज्वारी काढताना हाताला चिंधी लागली. आत चांदीचा एक टाक. आईने तो तेव्हाच लपविला होता, आणि इतकी वर्षे ती पहाटे अंधारात कणगीला हात जोडत होती. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "तुला पटलं तवा तू सोडलंस. मला पटायला येळ कुठं दिलास?"

रविवारी मी लोकांना कालामांचा उपदेश सांगत होतो आणि माझ्या घरात माझी आई माझ्या भीतीने देव लपवीत होती. पूर्वी तिला देवीचा धाक होता, मी त्यात मुलाच्या धाकाची भर घातली. माझे म्हणणे चूक नव्हते. प्रतिज्ञा प्रतिज्ञाच आहेत. चूक माझ्या रीतीत होती.

राजगृहातील सिगाल या गृहस्थपुत्राची कथा मी अनेकदा वाचली होती, पण ती मला त्या दिवशी समजली. सिगाल पहाटे ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडीत होता. का, तर मरताना बापाने तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, त्याचे हात ओढले नाहीत. सहा दिशांची खरी पूजा कोणती ते सांगितले: पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक-कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण. बापाविषयीचे त्याचे प्रेम राहिले, आंधळेपण गेले. पुढे त्याने स्वतः होऊन उपासकत्व मागितले.

मी आईची क्षमा मागितली. "ठेव, पण लपवू नको," म्हणालो. मग रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसू लागलो. कधी सिगालाची कथा, कधी पटाचाराची, कधी नुसत्या तिच्या माहेरच्या गोष्टी. ती देवीला का भिते ते तिने मला तेव्हा प्रथम सांगितले. माझ्या आधीची तिची दोन मुले तान्हेपणीच गेली होती, आणि नवस चुकला म्हणून गेली असे तिला सांगण्यात आले होते. हा भार ती तीस वर्षे वाहत होती. दवाखाना नव्हता म्हणून मुले गेली, तुझ्या हातून काही चुकले नव्हते, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. मीही नाही.

सुमारे दोन वर्षांनी तिने तो टाक स्वतः सोनाराकडे नेला आणि नातीच्या पायांत वाळे करून घातले. मला म्हणाली, "आता ठिवायची भीती न्हाई, अन् सोडायचीबी न्हाई." मी सांगितलेल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा स्वातंत्र्याचा अर्थ मला या वाक्यात अधिक स्वच्छ दिसतो. माझ्या आईची खरी दीक्षा त्या दिवशी झाली असे मी मानतो.

७. गृहस्थाची चार सुखे

आता सुखाविषयी. धम्म फक्त दुःखाविषयी बोलतो असा गैरसमज आहे. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने व न्यायाने मिळविलेले आपल्याजवळ असणे, हे पहिले. त्याचा उपभोग घेणे आणि दान करणे, हे दुसरे. कोणाचे ऋण नसणे, हे तिसरे. काया, वाचा, मनाने निर्दोष असणे, हे चौथे. आणि पहिली तिन्ही सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असेही सांगितले आहे.

या यादीत दारिद्र्याचा गौरव नाही. घर, कपडालत्ता, पोटभर अन्न यांचे सुख धम्माला मान्य आहे. पण तिसऱ्या सुखाकडे नीट पाहा. आपल्यात लग्नासाठी कर्ज काढतात. मंगल कार्यालय, बँड, आहेर, जेवणावळी, एका दिवसाच्या थाटासाठी पाच वर्षांचे हप्ते. हे आपण निवडतो की लोक काय म्हणतील हे निवडते? बौद्ध पद्धतीचा विवाह पुष्पमाला, मेणबत्ती आणि वंदना एवढ्यावर होतो. ज्या घराने गावकीला 'नाही' म्हटले, त्या घराला सोयऱ्यांच्या हौसेला 'नाही' का म्हणता येऊ नये? सावकाराच्या दारात उभा असलेला बौद्ध कितीही प्रतिज्ञा म्हणो, त्याची झोप दुसऱ्याच्या ताब्यात असते.

८. मुलांना काय द्यावे?

आपण निवड केली. आपली मुले बौद्ध घरात जन्मली. त्यांनी काय निवडले? आपण जर त्यांना नुसती वंदना पाठ करावयास लावली आणि अर्थ विचारल्यावर गप्प केले, तर त्यांच्या हाती निवड येणार नाही, रूढी येईल. मुलगा विचारतो, मेणबत्ती का लावायची? उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर दोघे मिळून शोधा. मुलगी म्हणते, मला पुढे शिकायचे आहे, लग्न आताच नको. येथे आपली खरी परीक्षा असते. आपल्या राज्यघटनेने विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे, केवळ घरातल्या कर्त्या पुरुषाला दिलेले नाही.

सारांश

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता असे देतो. ताई, देवऋषी सांगत होता तेव्हा 'का' विचारण्याची सोय नव्हती, आणि न ऐकल्यास कोपाची भीती होती. शील मागे कोणताही कोप ठेवीत नाही. ते तुमच्या समजुतीची वाट पाहते. बावीस प्रतिज्ञा हे बंधन आहे, हे मी नाकारीत नाही. पण शेताला बांध घालणारा शेतकरी कैदी होत नाही, कारण बांध त्याने स्वतःच्या शेतासाठी, स्वतः घातलेला असतो. तुम्ही मोकळ्या झालात त्या भीतीतून, आणि तुमच्या हाती आली ती जबाबदारी. आणि तुम्ही हा प्रश्न सर्वांसमक्ष विचारलात, यावरूनच तुमची मोकळीक सुरू झाली आहे असे मला दिसते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१) गेल्या महिन्यात आपण 'लोक काय म्हणतील' या एका कारणाने कोणती गोष्ट केली? तिचा परिणाम काय झाला?
२) घरातील कोणी जुनी रूढी अद्याप पाळत असेल तर त्यामागची भीती किंवा दुःख कोणते, हे आपण त्यांना कधी विचारले आहे काय?
३) गृहस्थाच्या चार सुखांपैकी आपल्या घरात कोणते कमी आहे? ते मिळविण्यासाठी कोणत्या खर्चाला किंवा सवयीला 'नाही' म्हणावे लागेल?
४) आपल्या मुलामुलींनी धम्माविषयी विचारलेला, आणि आपल्याला उत्तर न आलेला, एक प्रश्न लिहून ठेवा आणि पुढील रविवारी अभ्यासवर्गात आणा.

जय भीम.